चमत्कार न झालेल्यांचे गाव

आपल्या कोणत्याही धर्मग्रामात एखादे तरी घर असे असते, की जेथे वयाची तिशी-चाळिशी ओलांडलेला मुलगा अजून आईच्या हातचा घास घेत असतो. अंगापिंडाने तो पुरता पुरुष असतो. पण सदऱ्याची बटणे त्याला लावता येत नाहीत. आंघोळीचे पाणी काढून ठेवले, तांब्या हाती दिला, तरी पहिला तांब्या अंगावर घे म्हणून कुणीतरी सांगावे लागते. साऱ्या घराचा दिवस त्याच्या उठण्या-बसण्याला, जेवणखाणाला आणि औषधांच्या वेळांना बांधलेला असतो. नात्यातल्या लग्नाला आई-वडिलांपैकी एकच जण जातो. रविवारी एक सकाळच्या मिस्सेला, तर दुसरा संध्याकाळच्या. दोघे एका बाकावर बसलेली आपण कित्येक वर्षांत पाहिलेली नसतात.

अशा घरांनी आशा सोडलेली असते, असे मात्र नाही. बांद्र्याच्या मोत माऊलीला मेणाचे अवयव वाहून झालेले असतात. वेलंकनीची यात्रा झालेली असते. माहीमच्या बुधवारच्या नोव्हेना एकही खंड न पाडता पूर्ण केलेल्या असतात. नऊ आठवडे संपतात आणि पुन्हा तेच घर, तोच मुलगा, तीच बटणे. मग केव्हातरी बाप तो प्रश्न विचारतो, जो इतकी वर्षे त्याने मनातच ठेवलेला असतो: आमच्या मागे याचे कोण?

हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी 'देव आहे' एवढेच बोलून गप्प बसलो आहोत. उत्तर खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे, हे विचारणाऱ्यालाही कळते आणि आम्हालाही. देव आहे, पण सकाळी सात वाजता त्याच्या सदऱ्याची बटणे कोण लावणार? नेमका हाच प्रश्न युरोपातील एका लहानशा गावापुढे सुमारे सातशे वर्षांपूर्वी उभा राहिला. त्या गावाने त्याचे उत्तर दिले आणि ते आजतागायत मागे घेतलेले नाही. त्या गावाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परागंदा राजकन्या

बेल्जियमच्या उत्तर भागात, अँटवर्प प्रांतात, गेल नावाचे गाव आहे. हा फ्लँडर्सचा मुलूख. ज्या मातीने भारताला 'रामकथे'चे अभ्यासक फादर कामिल बुल्के दिले, तीच ही माती. गेलच्या आसपासची जमीन मात्र रेताड, माळरानाची. पूर्वी तेथील लोक बेताच्या परिस्थितीतले शेतकरी होते. या गावाचे नाव जगात गेले ते संत डिम्फना हिच्यामुळे.

तिची कथा अशी सांगतात. सातव्या शतकात आयर्लंडमध्ये एक राजा होता. तो मूर्तिपूजक, पण राणी ख्रिस्ती. राणी वारली आणि दुःखाने राजाचा तोल गेला. राणीसारखीच दिसणारी स्त्री त्याला हवी होती आणि तशी एकच होती, त्याची स्वतःची मुलगी. बापाच्या मनातील हा विकार ओळखून डिम्फना आपले वृद्ध धर्मगुरू गेरेबर्नस यांच्यासह समुद्र ओलांडून पळाली आणि गेलजवळ येऊन राहिली. वाटेतल्या खाणावळीत दिलेल्या परदेशी नाण्यांवरून राजाच्या माणसांना तिचा माग लागला. राजाच्या हुकमावरून धर्मगुरूंचा शिरच्छेद झाला. मुलीवर तलवार उचलायला मात्र कुणी धजेना, तेव्हा ती राजाने स्वतःच चालवली. तिचे वय त्या वेळी पंधरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. तिचा सण शतकानुशतके 15 मे रोजी पाळला जात आला आहे.

ही कथा लेखी स्वरूपात आली ती तेराव्या शतकात. कांब्रे येथील पीटर नावाच्या एका धर्मगुरूने बिशपांच्या आज्ञेवरून लोकांच्या तोंडी चालत आलेली हकिगत लॅटिनमध्ये लिहून काढली. घटना आणि लेखन यांत सहा शतकांचे अंतर आहे. त्यामुळे यातील किती भाग इतिहास आणि किती भाग आख्यायिका, हे ठरवणे कठीण. पण लोकांनी या कथेतून जे घेतले, ते आमच्या मते फार मोलाचे आहे. वेडाने पछाडलेल्या माणसाच्या हातून जी मुलगी मारली गेली, तिलाच त्यांनी मनोरुग्णांची कैवारी मानले. जिने वेड्याचा वार सोसला, तीच वेड्यांसाठी देवाजवळ रदबदली करील, अशी ही श्रद्धा. सूड किंवा भीती यांपैकी काहीही या श्रद्धेत नाही.

नऊ दिवसांनंतर

संतेच्या अवशेषांच्या दर्शनाला दूरदूरच्या मुलखांतून माणसे येऊ लागली. नातेवाईक आपल्या मनोरुग्ण माणसाला चालवत, गाडीत घालून, प्रसंगी बांधूनही आणत. 1349 मध्ये संत डिम्फनेच्या नावाने मोठे चर्च बांधायला सुरुवात झाली आणि पंधराव्या शतकात त्याला लागून आजाऱ्यांसाठी एक खोली उभी राहिली. तेथे रुग्णाने नऊ दिवस राहायचे. रोज प्रार्थना, मिस्सा, पापनिवेदन. आणि संतेच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत जायचे. ज्याला ते जमत नसे, त्याच्या वतीने गावातील कुणीतरी रांगत जाई.

नऊ दिवस संपले, की काहीजण बरे वाटून घरी जात. पण बहुतेकांना गुण येत नसे. इतिहासाचे खरे वळण येथेच आहे. गुण न आलेल्या माणसाचे काय करायचे? काही नातेवाइकांना पुन्हा एकदा नोव्हेना करायची असे. काहींना वाटे, संतेच्या सावलीत राहिला तर आज ना उद्या बरा होईल. काहीजण, खरे सांगायचे तर, आपले माणूस तेथेच सोडून निघून जात. चर्चची खोली लहान; ती नेहमी भरलेली. तेव्हा चर्चमधील धर्मगुरूंनी गावकऱ्यांना विनंती केली, की खोली रिकामी होईपर्यंत या माणसाला तुमच्या घरी ठेवून घ्या. गावकऱ्यांनी ठेवून घेतले. खोली रिकामी झाली, तरी माणूस त्या घरीच राहिला. वर्षे गेली, म्हातारा-म्हातारी वारली, तो त्यांच्या मुलाकडे राहिला, पुढे नातवाकडे.

गेलचे मोठेपण चमत्कारांत शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल. ते मोठेपण सुरू झाले चमत्कार न झाल्यानंतर. दहाव्या दिवशी सकाळी, कोणताही गुण न आलेल्या परक्या माणसाला एका शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या मेजावर पेज वाढली, तेव्हा त्या गावाचा खरा इतिहास सुरू झाला.

मेजावरची जागा

या माणसांना गेलच्या लोकांनी रुग्ण म्हटले नाही, वेडाही म्हटले नाही. त्यांचा शब्द आहे 'कोस्टगँगर'. दुसऱ्याच्या घरी जेवून-राहून असणारा माणूस. आपल्याकडे बोर्डिंगात राहणाऱ्या मुलांना आपण 'बोर्डर' म्हणतो, तोच हा शब्द. त्यांत केवळ मनोरुग्ण नव्हते. जन्मतःच बुद्धीची वाढ खुंटलेल्या प्रौढांचा वाटाही मोठा होता, आणि आजही आहे.

बोर्डरचा दिवस घराच्या दिवसासारखाच असे. सकाळी घरच्यांबरोबर उठायचे. ज्याला स्वतः कपडे घालता येत, त्याने घालायचे. ज्याला येत नसत, त्याला घरची बाई मदत करी. मेजावर त्याची जागा ठरलेली. ताटात घरच्यांचेच अन्न. मग पुरुषांनी गोठ्यात, शेतात हातभार लावायचा. बायकांनी बटाटे सोलायचे, पाळणा हलवायचा, शेगडीपाशी बसून विणायचे. ज्याच्याकडून काहीच होत नसे, तोही नुसता बसून राही. पण बसे तो सर्वांमध्ये. गेलची मुले अशा माणसांच्या अंगाखांद्यावर वाढली. परक्याला जे विचित्र वाटे, ते त्यांना घरातल्या काकाच्या सवयींइतकेच ओळखीचे होते.

अमेरिकेतील एलन बॅक्स्टर नावाची तरुणी 1970 च्या दशकात गेलमध्ये अभ्यासासाठी राहिली होती. तिने सांगितलेली एक हकिगत आम्हाला विसरता येत नाही. एका घरातील बोर्डर रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून पिळून तोडून टाकी. घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवून देई. बॅक्स्टरबाईंनी सुचवले, की दोऱ्याऐवजी मासे पकडायच्या गळाच्या तंगुसाने शिवा. मग तुटणार नाहीत. ती बाई म्हणाली, की तसे करणे सर्वांत वाईट ठरेल. त्या माणसाला बटणे तोडण्याची गरज आहे, त्यानेच त्याचा दिवस सुसह्य होतो.

वाचकहो, या उत्तरावर थोडे थांबावेसे वाटते. शहाणपणाचा उपाय कुणालाही सुचला असता. पण त्या बाईने त्या माणसाच्या सवयीत दोष पाहिला नाही, त्याची गरज पाहिली. आणि तिची किंमत म्हणून रोज रात्री सुई-दोरा हाती घेतला. दुसऱ्या एका घरातील बोर्डरला भिंतीतून सिंह बाहेर येताना दिसत. घरची माणसे त्याला सिंह नाहीत हे पटवत बसली नाहीत, त्याची टिंगलही केली नाही. ती उठून ते सिंह हाकलून लावत. तो शांत होई.

या कुटुंबांना बोर्डरच्या आजाराचे वैद्यकीय नाव सहसा सांगितले जात नसे. त्याला काय आवडते, कशाने तो बिथरतो, रात्री झोपतो की नाही, एवढे कळले की त्यांना पुरे असे. लूव्हेन विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ यूजीन रोसेन्स यांनी या गावाचा अनेक वर्षे अभ्यास करून 1979 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी कौतुकाबरोबर मर्यादाही नोंदवल्या. बोर्डर घरचा होता, तरी पुरता घरचा नव्हता. गावातील व्यवहारांत त्याची पायरी वेगळी होती. हे सत्य लपवण्यात अर्थ नाही.

डॉक्टर, सरकार आणि साखळदंड

अठराव्या शतकाच्या शेवटी हा प्रदेश फ्रेंच क्रांतिकारकांच्या अमलाखाली आला, चर्चची व्यवस्था मोडली आणि रुग्णांची खोली बंद पडली. गेलची प्रथाही तेथेच संपायची. पण ती तोवर चर्चच्या इमारतीत उरलीच नव्हती, ती घराघरांत पोचली होती. 1803 मध्ये ब्रसेल्सच्या प्रांताधिकारी पाँतेकुलाँ यांनी तेथील कोंडवाड्यासारख्या आश्रयस्थानातील मनोरुग्णांना गेलला हलवले. धर्मावर विश्वास नसलेल्या राजवटीलाही अखेर त्याच शेतकऱ्यांचे दार ठोठवावे लागले.

1821 मध्ये फ्रान्समधील नामांकित मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल गेलला आले. शेकडो मनोरुग्ण रस्त्यांवरून, शेतांतून मोकळे हिंडत आहेत आणि गावकऱ्यांना त्याचे काहीच वाटत नाही, हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. परंतु काहींच्या पायांत बेड्या आहेत, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. पळून जाऊ नयेत म्हणून काही घरांत तसे केले जाई. शेतमजूर म्हणून बोर्डरकडून प्रमाणाबाहेर काम करून घेणारी घरेही असणारच. गावात संत होती. पण गाव संतांचे नव्हते.

1850 मध्ये बेल्जियमने मनोरुग्णांविषयी कायदा केला आणि त्यानंतर गेलची व्यवस्था सरकारने आपल्याकडे घेतली. डॉक्टर नेमले गेले, घरांची तपासणी सुरू झाली, बोर्डरच्या खोलीविषयी व आहाराविषयी नियम झाले, बेड्या हळूहळू गेल्या. 1862 मध्ये लहान रुग्णालय उभे राहिले. नव्याने येणाऱ्या माणसाला तेथे काही दिवस ठेवून, त्याचा स्वभाव पाहून मग घर निवडले जाई. ज्यांची शुश्रूषा अधिक कष्टाची, ज्यांचे अंथरूण-पांघरूण रोज धुवावे लागे, त्यांच्यासाठी कुटुंबाला अधिक मोबदला मिळे. विसाव्या शतकात निरनिराळ्या वस्त्यांत स्नानगृहे बांधली गेली. बोर्डर तेथे आंघोळीला येत आणि त्याच वेळी त्यांच्या अंगावर कुठे मारहाणीच्या खुणा नाहीत ना, हेही पाहता येई.

या मोबदल्यावर पुष्कळांनी बोट ठेवले आहे. पैशासाठी केलेली ही सेवा कसली, असे ते विचारतात. आम्हाला तसे वाटत नाही. ती माणसे गरीब होती. एका जादा तोंडाचा खर्च त्यांना पेलणारा नव्हता. आणि मोबदला तुटपुंजाच होता. त्याच्या हिशेबाने कुणी पन्नास वर्षे परक्याची बटणे शिवत बसत नाही. पैशामुळे दार उघडले असेल. ते उघडे राहिले ते सवयीमुळे आणि मायेमुळे. उलट, सेवा करणाऱ्याच्या पोटाची काळजी घेणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हे गेलने फार लवकर ओळखले.

बेल्जियमच्या फ्रेंच भाषक भागात लिएर्नो येथे 1884 मध्ये आणि फ्रान्समध्ये द्युँ-स्युर-ओराँ येथे 1892 मध्ये याच धर्तीवर वसाहती सुरू झाल्या. 1902 मध्ये अँटवर्प येथे मनोरुग्णांच्या कौटुंबिक शुश्रूषेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तिच्या चर्चेच्या केंद्रस्थानी गेलच होते. 1938 मध्ये गेलमधील बोर्डरांची संख्या 3,700 च्या वर गेली. ती या गावाची भरती होती.

त्यानंतर ओहोटी लागली. शेती कमी झाली, घरे लहान झाली, स्त्रिया नोकरीला लागल्या, नवी औषधे आली, स्वतंत्र राहण्याच्या इतर सोयी निघाल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोर्डरांची संख्या पाचशेच्या आसपास उरली होती आणि नंतर ती आणखी घटली. तरीही प्रथा संपलेली नाही. एकाच घरात अर्धशतकाहून अधिक काळ काढलेले बोर्डर या शतकातही होते. 2023 मध्ये युनेस्कोने गेलच्या या परंपरेची जपणुकीच्या उत्तम नमुन्यांच्या यादीत नोंद केली. राजवाड्यांची, मंदिरांची, चर्चची नोंद जगाने पुष्कळ केली आहे. रोज रात्री बटणे शिवणाऱ्या हातांची नोंद उशिरा का होईना, झाली.

आपल्यापुरते

गेलची नक्कल आपल्या धर्मग्रामांत करता येईल, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. त्यामागे शतकांची सवय, डॉक्टरांची देखरेख आणि सरकारचा पैसा आहे. परक्याला घरी ठेवून घ्या, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. आपली घरे आधीच दोन खोल्यांची आहेत.

पण एक फरक आम्हाला बोचतो. गेलमध्ये एका घराला जड गेले, तर शेजारचे घर, रस्त्यावरचा दुकानदार, चर्चमधला धर्मगुरू, सारेच त्या माणसाला ओळखत. भार एका घराचा असला, तरी ओळख साऱ्या गावाची होती. आपल्याकडे प्रेम कमी नाही. पण ते एकट्या आईच्या दोन हातांत साठलेले आहे. तो मुलगा चर्चच्या मागच्या बाकावर आवाज करू लागला, की आपण मागे वळून पाहतो आणि पुढच्या रविवारी ती त्याला आणत नाही. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही आपली म्हण अनुभवातून आली आहे. पण ती ख्रिस्ताच्या शिष्यांना शोभणारी नाही. स्वतःच्या हातांनी शिष्यांचे धूळभरले पाय धुणाऱ्या प्रभूने आपल्यासाठी जो धडा ठेवला, तो वेदीपेक्षा न्हाणीघरात अधिक लागू पडतो.

म्हणून काही अगदी साध्या गोष्टी. त्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक असावे. त्याला काय आवडते, कशाने तो घाबरतो, हे आईखेरीज आणखी दोन घरांना ठाऊक असावे. महिन्यातून एका रविवारी दोन तास कुणी त्याच्याजवळ बसले, तर ते आई-बाप एकत्र मिस्सेला येतील. त्याला सदरा घालून देण्याची घाई न करता, एखादे बटण त्याचे त्याला लावू द्यावे. पाव तास गेला तरी चालेल. आणि हे सारे त्या घरावर उपकार म्हणून नव्हे, तर त्याची-आपली ओळख म्हणून व्हावे.

आई-वडिलांनीही एक गोष्ट लांबणीवर टाकू नये. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी संसदेने 1999 मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा केला. अशा व्यक्तीला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पुष्कळ घरांना हे माहीत नसते, आणि माहीत असूनही पालक म्हणून कुणाचे नाव लिहावे हे सुचत नसते. तो रकाना रिकामा राहतो, तेव्हा तो केवळ त्या घराचा रिकामा राहत नाही. आपल्या साऱ्या धर्मग्रामाचा राहतो.

'आमच्या मागे याचे कोण?' या प्रश्नाला गेलच्या शेतकऱ्यांनी व्याख्यान देऊन उत्तर दिले नाही. नोव्हेना संपली, गुण आला नाही, आणि त्यांनी त्या माणसाला मेजाशी सरकून बसायला सांगितले. पुढच्या वेळी तो बाप आम्हाला हा प्रश्न विचारील, तेव्हाही 'देव आहे' असेच आम्ही म्हणू. पण त्यानंतर गप्प न बसता, त्याच्या मुलाला सकाळी कोणता सदरा आवडतो, हे विचारून घेऊ.